रामनदीवर अकरावीच्या मुलांचा अभ्यास: तीन ठिकाणं कुठली घ्यावीत?

मुक्ता_जीवशास्त्र

नमस्कार. मी बावधनच्या बाजूला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. अकरावीचा ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय आमच्याकडे ज्याच्या तासिका कमी भरतात त्याच्या गळ्यात पडतो. यंदा तो मान माझा. तक्रार नाही, विषय मला आवडतो. त्याचे प्रकल्प मात्र वाचवत नाहीत. ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’, स्केचपेनने काढलेली धुराडी, त्यांच्याखालून नदीत पडणारं जांभळं पाणी. कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर रामनदी वाहते, तिच्यात आमच्याच बाथरूममधलं पाणी जातं, पण वहीत दरवर्षी कारखानाच.

बाहेरच्यांसाठी सांगते. पुण्याची ही रामनदी भुकूमजवळ खाटपेवाडीच्या तलावाकडून येते, भुगाव, बावधन, पाषाण तलाव, सोमेश्वरवाडी, बाणेर करत औंधला मुळेला मिळते. सगळी मिळून जेमतेम वीसेक किलोमीटर. वर ग्रामपंचायती, खाली महानगरपालिका.

माझा बेत असा: भुकूम (स्वच्छ), पाषाण तलावाच्या आधी (मध्यम), औंधचा संगम (घाण), अशी तीन ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी तापमान, पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), विरघळलेला ऑक्सिजन, आणि काठावरच्या प्लॅस्टिकची मोजदाद. यातून माणसाचा नदीवर काय परिणाम होतो ते मुलांना दाखवायचं. मुलं ३६. प्रयोगशाळेत ब्युरेट, पिपेट, एक टीडीएसचं पेन, आणि मुलांपेक्षा जास्त उत्साह असलेले प्रयोगशाळेतले मामा आहेत. पैसे फारसे नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते जानेवारी एवढा वेळ मिळेल. प्राचार्यांची एकच अट, मुलं पाण्यात उतरणार नाहीत. ती मलाही मान्य आहे.

तीन ठिकाणं पुरतील का? की आणखी घेऊ?

सह्याद्रीप्रेमी

खूप छान उपक्रम मॅडम!! सोबत पथनाट्य आणि नदी स्वच्छता अभियान घ्या, पेपरात बातमी येते. वृक्षारोपण पण ठेवा.

जुना_केमिस्ट

मुक्ताताई, ठिकाणं वाढवू नका. आहेत तीच जास्त आहेत.

उत्तर तुम्ही कंसात लिहूनच ठेवलंय: स्वच्छ, मध्यम, घाण. मुलं आकडे आणतील, आकडे तुमच्या कंसाला मान डोलावतील, आणि मग मागच्या बाकावरचा एखादा विचारेल, ‘मॅडम, हे माणसामुळेच झालं कशावरून?’ त्याला द्यायला उत्तर नसेल. भुकूम ते औंध एवढ्या वाटेत उंची बदलते, उतार बदलतो, टेकड्यांवरचे ओहोळ येऊन मिळतात. मध्ये अख्खा पाषाण तलाव आहे. तिथे गाळ बसतो. जलपर्णी वाढताना नायट्रेट-फॉस्फेट ओढून घेते आणि कुजली की परत सोडते. आज तलावातून बाहेर पडणारं पाणी आज आत आलेलं नसतं. म्हणजे एकाच दिवशी तलावाच्या वर आणि खाली बाटल्या भरल्या तरी तुम्ही दोन वेगळ्या पाण्यांची तुलना करत असता.

दुसरी गोष्ट घड्याळाची. भुकूमला पोचाल सकाळी आठला, औंधला बारा-एकला. ऊन चढलं की शेवाळ पाण्यात ऑक्सिजन सोडतं. पुण्याच्या उंचीवर २५ अंश तापमानाच्या पाण्यात हवेतून मुरणारा ऑक्सिजन लिटरला साधारण पावणेआठ मिलिग्रॅमच्या वर जात नाही. पण हिरव्यागार, सांडपाण्यावर पोसलेल्या डबक्यात भर दुपारी त्याहून बराच जास्त भरतो आणि पहाटे तोच तळाला गेलेला असतो. मुलं दुपारचा आकडा बघून म्हणतील, औंधची नदी भुकूमपेक्षा निरोगी.

म्हणून तीन गावं सोडा आणि एक नाला धरा.

कॉलेजजवळच्या पट्ट्यात काठाकाठाने फिरा. नदीला मिळणारं एखादं तोंड सापडेल, पावसाळी म्हणून बांधलेलं पण पाऊस नसतानाही वाहणारं. ते निवडा. तिन्ही ठिकाणं तिथेच: तोंडाच्या जरा वर नदीत, खुद्द नाल्यात, आणि खाली पाणी नीट मिसळल्यावर. अर्ध्या तासात तिन्ही बाटल्या भरून होतात. खडक तोच, ऊन तेच, उंची तीच. बदललं ते फक्त नाल्यामुळे. मागच्या बाकावरच्याला उत्तर मिळालं.

आता काय मोजायचं. पीएच मोजा, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. घरगुती सांडपाण्याने तो फारसा हलत नाही. तुम्हाला हवंय क्लोराइड, आणि ते तुमच्या यादीतच नाही. आपण मीठ खातो, ते लघवीवाटे बाहेर टाकतो. क्लोराइड जीवाणू खात नाहीत, ते हवेत उडून जात नाही, गाळात फारसं बसत नाही. बीओडी (घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) वाटेत कमी होतो, अमोनियाचं नायट्रेट होतं, क्लोराइड मात्र जिथे जाईल तिथे ओळख सांगतं. आपल्या काळ्या पाषाणातल्या ओढ्यांना ते मुळात कमी असतं, त्यामुळे वरून आलेलं लगेच उठून दिसतं.

त्यातून एक गणित निघतं, मुलांना फार आवडेल. समजा वरच्या बाटलीत २० आलं, नाल्यात ८०, खाली ५० (हे आकडे नुसते समजण्यापुरते). खालचं वजा वरचं ३०. नाल्याचं वजा वरचं ६०. तिसाला साठाने भागा. अर्धा. म्हणजे त्या जागेखाली नदी म्हणून जे वाहतंय त्यातलं निम्मं पाणी नाल्याचं आहे. प्रवाह मोजावा लागला नाही, कुणी पाण्यात उतरलं नाही.

हाच हिस्सा पुढे वापरा. वर ऑक्सिजन ६ आणि नाल्यात शून्य असेल, तर निम्म्या-निम्म्याने खाली ३ यायला हवा. मोजून बघा. तेवढाच आला तर ती नुसती मिसळण. आणखी खाली, पुढच्या साकवाजवळ कमी झाला तर जीवाणू तो खाताहेत. वाढला तर मधल्या खळाळाने हवा मिसळली. इथून पुढे मुलं स्वतःच वाद घालायला लागतील, तुम्ही बाजूला बसा.

क्लोराइड काढायची मोहरची पद्धत मामांना येत असेल. ५० मिलिलिटर नमुना, पोटॅशियम क्रोमेटचे थेंब, पिवळंधमक पाणी, ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट. ०.०१४१ नॉर्मल द्रावण केलंत तर ब्युरेटच्या १ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम प्रति लिटर, आकडेमोड तोंडी होते. विटकरी छटा हलवूनही टिकली की थांबायचं. प्रत्येक मूल वेगळ्या छटेला थांबतं, म्हणून एका नमुन्याचं टायट्रेशन तीन वेगवेगळ्या मुलांकडून करून घ्या आणि तिन्ही आकडे वहीत राहू द्या. सरासरी नंतर. हातमोजे घालायचे, नाहीतर बोटं काळी होतात आणि पालकांचे फोन येतात.

मुक्ता_जीवशास्त्र

काका, तुमचा तासच बसला! त्या भागाकारावर मी दोनदा पेन्सिल फिरवली, खरंच एवढं सरळ आहे. आता शंका. पाणी ‘नीट मिसळल्यावर’ म्हणजे नेमकं कुठे? दुसरं म्हणजे, आमच्या इकडच्या बऱ्याच सोसायट्या बोअर आणि टँकरवर आहेत. बोअरचं पाणी मुळातच जड, तर टीडीएस वाढलेला दिसला तो सांडपाण्याचा की बोअरचा? आणि तिसरं नाजूक आहे. जो नाला मला डोळ्यांसमोर दिसतोय तो ज्या सोसायटीच्या मागून येतो, तिथे वर्गातली पाच-सहा मुलं राहतात.

ओंकार_कीटक

मॅडम, प्राणिशास्त्राचा विद्यार्थी आहे, एमएस्सी. केमिस्टकाकांनी सगळं बाटलीत घातलं, त्यांच्या गोटातलेच आहेत ते :) पण बाटली फक्त त्या क्षणाचं सांगते. रात्री टँकर रिकामा केला आणि सकाळी तुम्ही गेलात तर बाटलीला पत्ता नसतो. दगडाखालच्या किड्यांना असतो, कारण ते आठवडेच्या आठवडे तिथेच राहतात.

पाण्यात न उतरता हे करता येतं. कांद्याच्या जाळीदार पिशव्या घ्या, मंडईत मागितल्या तरी मिळतात. प्रत्येकीत मुठीएवढे दगड, सगळ्या पिशव्यांत वजन सारखं. नायलॉनच्या दोरीने झाडाच्या मुळाला बांधून काठावरून सोडायच्या, तीन नाल्याच्या वर, तीन खाली. खाली म्हणजे काका सांगतील तिथे, तोंडाला चिकटून नको. तीन-चार आठवडे राहू द्या. दोन्हीकडे खोली आणि पाण्याचा वेग शक्य तितका सारखा हवा, कारण संथ डोहात आणि खळाळात मुळातच वेगळे किडे असतात. एकीकडे डोह, दुसरीकडे खळाळ घेतलात तर नाल्याचा संबंधच उरत नाही. तीन-तीन यासाठी की एखादी वाहून जाते, एखादी कुणी तरी उचलून नेतं, आणि तीनही राहिल्या तर पिशव्या-पिशव्यांतला फरक कळतो.

काढताना खाली बादली धरायची, नाहीतर अर्धे किडे पडून जातात. मग पांढऱ्या ट्रेमध्ये दगड धुवायचे. पहिल्या मिनिटाला काहीच दिसत नाही, नुसता गाळ. गाळ बसला की तो हलायला लागतो. पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे कल्ले फडफडवणारी, बहुधा तीन शेपट्यांची ती मेफ्लायची पिल्लं. वाळूचे कण चिकटवून घर करणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या. चतुर आणि टाचण्यांची पिल्लं तर मुलांना सिनेमातले राक्षस वाटतात. नाल्याच्या खाली बहुतेक लालभडक अळ्या आणि बारीक गांडुळासारखे कृमी मिळतील. त्या अळ्या लाल असतात कारण त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं, ऑक्सिजन कमी असला तरी भागतं.

जातीपर्यंत ओळखायची गरज नाही, कुळापर्यंत पुरे. बीएमडब्ल्यूपी नावाची गुणपद्धत आहे, मूळ ब्रिटनची. स्वच्छ पाणीच लागणाऱ्या चोखंदळ कुळांना (मेफ्लायची काही त्यातलीच) १० पर्यंत गुण, लाल अळ्यांना २, कृमींना १. एकूण बेरजेपेक्षा दर कुळामागचे सरासरी गुण बघा, कारण बेरीज तुम्ही किती वेळ शोधलं त्यावर फुगते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही हीच कल्पना आपल्याकडच्या प्राण्यांसाठी बदलून घेतली आहे. एक सूचना: नाल्याच्या वर तरी मेफ्लाय मिळतीलच असं धरून चालू नका. वरही भुगाव आहे.

शिवारातला

नमस्कार. आमचं रान भुगावच्या हद्दीत. म्हणजे होतं, आता निम्म्यावर बंगले आहेत, ते आम्हीच विकलं. मॅडम तुम्ही भुकूमपुढं कंसात स्वच्छ लिहिलंय, तेवढं खोडा. हॉटेलं आणि फार्महाऊस मोजायला या एकदा.

मला केमिस्ट्री कळत नाही, एक सांगतो. आमच्या रानाशेजारी हा ओढा शिमग्यानंतर तुटायचा. मधे मधे डोह राहायचे, त्यात खेकडं, झिंगं. मे महिन्यात पात्रातून चालत पलीकडं जायचो, वाळवणाला सपाट कातळ तिथलाच. आता मे महिन्यात या. वाहतोय. पाऊस नाही, झरं आटल्यात, विहिरीनं तळ गाठला, आणि ओढा वाहतोय. ते पाणी कुठनं आलं हे विचारायला बाटली लागत नाही.

म्हाताऱ्या माणसांना विचारा म्हणावं पोरांना. आमची आई सांगेल, पण चहा प्यायला लागंल.

जुना_केमिस्ट

शिवारातले, तुमचं हे लिहिणं त्या प्रकल्पाचं पहिलं पान व्हायला हवं. आम्ही आयुष्यभर पाण्यात काय आहे ते तपासत राहिलो. ते पाणी त्या महिन्यात तिथे असायलाच नको होतं, हा प्रश्न आमच्या फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात नव्हता. मुक्ताताई, मुलांना आजी-आजोबांकडे जरूर पाठवा, पण ‘पूर्वी पाणी स्वच्छ होतं का’ असं विचारायला सांगू नका. त्याला सगळे हो म्हणतात. ‘कुठल्या सणापर्यंत वाहायचं?’ विचारा. ‘धुणं धुवायला शेवटचं कधी गेलात, थोरल्याच्या लग्नाआधी की नंतर?’ २०१० च्या ऑक्टोबरात जो पूर आला तो पाषाण-बाणेरला पुष्कळांच्या लक्षात आहे, त्याच्या आधी की नंतर हेही विचारता येतं. एकाच पट्ट्यातल्या तीन-चार वेगवेगळ्या घरांतून तेच आलं तर धरून चालायला हरकत नाही. शिवाय गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं एकामागून एक उघडतात. पात्राची रुंदी त्याच दोन खुणांमध्ये दर चित्रात मोजा. राडारोड्याचा भराव त्यात स्वच्छ दिसतो, आणि ही मोजणी पावसाळ्यात घरी बसून होते.

आता तुमच्या शंका. मिसळण्याचं ठिकाण टीडीएसच्या पेनने शोधा. नाल्याचं पाणी मिळालं की बराच पल्ला ते आपला काठ धरून चालतं, पलीकडचं पाणी वेगळं. लांब काठीला पाण्याचा एक मग बांधा, डाव्या काठाचं पाणी, मधलं आणि उजव्या काठाचं, तिन्हींत पेन बुडवा. तिन्ही आकडे जुळेपर्यंत खाली सरकत राहा. बहुधा एखाद्या खळाळाच्या पुढे जुळतात. वाटेत दुसरा नाला मिळत असेल तर मात्र हे तोंड सोडून दुसरं बघा.

बोअरची शंका रास्त आहे. नुसत्या टीडीएसवर ते सुटत नाही, तो खडकातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनेही चढतो. म्हणून तर क्लोराइड म्हटलं. त्यातही एक मेख आहे. जड पाण्याच्या सोसायट्यांत सॉफ्टनर बसवलेले असतात आणि ते मिठाच्या पाण्याने धुतात. ते धुवण नाल्यात आलं की तेवढा वेळ क्लोराइड उसळी मारतं. भागाकार तरीही बरोबरच असतो, तो मीठ कुणाच्या पोटातून आलं हे विचारत नाही. फक्त नाल्याचं पाणी मोजणीपुरतं एकसारखं हवं. म्हणून नाल्याची एकच बाटली भरू नका. अर्ध्या तासात पाच-पाच मिनिटांनी पेन बुडवा, आकडा स्थिर असेल तरच त्या दिवशीचं गणित करा. स्थिर नसेल तर तीच नोंद, तीही कामाची. सकाळी सात ते नऊ बाथरूम आणि स्वयंपाकघरं जोरात असतात. एकदा तेव्हा जा, एकदा दुपारी, एकदा रविवारी. आदल्या दोन-तीन दिवसांत पाऊस झाला असेल तर तसं लिहा.

ऑक्सिजनसाठी बादली चालणार नाही, ओतताना हवा मिसळते. बाटली पाण्याखाली बुडवूनच भरायची, बुडबुडा न राहू देता. ते काम मामांनी कोपरापर्यंतचे मोजे घालून पक्क्या काठावरून करावं. मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड तिथल्या तिथे घाला. तळाशी बसणारा साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही, हे मुलांना काठावरच दिसतं. आम्ल मात्र कॉलेजात आल्यावर. नाल्याच्या पाण्यात नायट्राइट असलं तर ऑक्सिजन मोजायची ही पद्धत, साधी विंक्लर, थोडा चढा आकडा देते, अहवालात तसं नमूद करा. बीओडी जमला तर करा. आपल्याकडे तो २७ अंशांवर ३ दिवसांचा धरतात, म्हणजे शुक्रवारी ठेवा आणि सोमवारी बघा, सुट्टी आड येत नाही.

सोसायटीचं नाव कुठेही नको. ‘नाला क्र. १’. नकाशावरही इमारत दाखवू नका. त्या पाच-सहा मुलांना आधी विश्वासात घ्या. नाला कुठून येतो हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आणि मामांना सांगा, टायट्रेशनचं उरलेलं सगळं झाकणाच्या बाटलीत साठवायचं, बाटलीवर लेबल. क्रोमेट विषारी आहे. ते द्रावण मामांनीच बनवायचं, मुलांनी पिपेट तोंडाने ओढायची नाही, आणि बेसिनमध्ये एक थेंबही नाही. तुमचं बेसिन कुठे उघडतं ते मला ठाऊक नाही, पण ‘नाला क्र. २’ निघायला नको.

मुक्ता_जीवशास्त्र

सगळ्यांचे आभार. आता ठरलं ते असं: एक नाला, तीन बाटल्या, सहा कांद्याच्या पिशव्या, आणि आजी-आजोबांचा वेगळा गट. शिवारातले, चहाला पाच मुलं आणि मी येऊ, आईंना विचारून कळवा. भुकूमचा कंस खोडला.

शेवटची शंका. आमचं पेन जुनं आहे. पुरवठादार कॅलिब्रेशनच्या द्रावणाची जी किंमत सांगतोय त्यात नवं पेन येईल.

जुना_केमिस्ट

ते द्रावण कॉलेजातच करा. प्रयोगशाळेतलं शुद्ध सोडियम क्लोराइड ओव्हनमध्ये वाळवून अर्धा ग्रॅम घ्या, डिस्टिल्ड पाण्यात एक लिटर करा. २५ अंशांना त्याची वाहकता (पेन मुळात तीच मोजतं) साधारण १००० मायक्रोसीमेन्स भरते. तुमचं पेन टीडीएस दाखवताना निम्म्याने गुणत असेल तर ५०० च्या आसपास दिसायला हवं. काही पेनं ०.७ ने गुणतात, मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, नसेल तर माहितीपत्रक बघा. स्वयंपाकाचं मीठ नको, त्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काहीबाही घातलेलं असतं.